ओटा द्या: पुण्यातल्या कॉटबेसिस मालकांना, वसतिगृहचालकांना आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

नव्या वर्षाचे करार आमच्या हातात पडले आणि त्यात एक कलम ठळक अक्षरांत आलं: ‘खोलीत कोणत्याही प्रकारचा स्वयंपाक करण्यास सक्त मनाई. इंडक्शन, हॉटप्लेट, केटल आढळल्यास जप्त करण्यात येईल व अनामत रकमेतून दंड वळता केला जाईल.’ काही करारांवर त्याखाली पेनाने ‘अंडीसुद्धा नाही’ अशी भर घातली आहे. कलम नवं नाही, पण जप्ती आणि दंड नवे आहेत. त्यावर गप्प राहून सही करणं आम्हाला जमणार नाही, म्हणून हे पत्र. उघड लिहितो आहोत, कारण हा प्रश्न एका इमारतीचा नाही आणि ज्यांची मुलं उद्या या शहरात राहायला येणार आहेत त्यांनीही हे वाचावं.

आम्ही कोण? सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या अभ्यासिकांजवळ कॉटवर, म्हणजे एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन, राहणारी मुलं-मुली, कोथरूड-कर्वेनगरच्या बंगल्यांत चार-चार जणींत एक खोली घेतलेल्या नोकरदार मुली, वाकड-हिंजवडीच्या पीजीत राहणारे, आणि या सगळ्यांना दोन वेळचे डबे पुरवणाऱ्या काही बायका. बाहेरचं जेवण रोज खाल्ल्यावर काय होतं हे आम्हाला माहीत आहे, आणि ते जेवण कशामुळे तसं होतं हे आमच्यातल्या डबेवाल्या बायकांना माहीत आहे. कोणावर राग काढायचा नाही. रोज एक वेळ तरी स्वतःच्या हातचं, साधं, ताजं जेवता यावं एवढंच आमचं म्हणणं आहे, आणि ते तुमच्या जागेत सुरक्षितपणे कसं होऊ शकतं हे मोजमापासकट सांगायचं आहे.

तुमची पहिली भीती आगीची आहे. ती खरी आहे, म्हणून आधी आगीचंच बोलू.

आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. खोलीतल्या साध्या, लहान भोकांच्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर. म्हणजे त्यातून १३८० वॉटच्या वर ओढू नये. बाजारातलं नेहमीचं इंडक्शन १८०० ते २००० वॉटचं असतं, ते पूर्ण जोरावर आठ-साडेआठ अँपिअर घेतं. त्याच्या प्लगच्या पिना बहुधा जाड असतात, त्या लहान सॉकेटमध्ये जात नाहीत. मग दुकानातून कन्व्हर्जन प्लग आणला जातो, किंवा बारीक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड. इथून पुढे जे होतं ते हळूहळू होतं. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी तापून ढिली पडते. ढिली पडली की पिनेला नीट टेकत नाही, आणि टेकत नाही म्हणून आणखी तापते. आठवड्याभरात भोकाभोवती तपकिरी कडं दिसू लागतं, प्लग काढताना बोटाला चटका बसतो, मग एक दिवस जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो. या सगळ्यात एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारी कळ, पडत नाही. ती १० किंवा १६ अँपिअरची असते आणि वायरीतून जाणारा प्रवाह तिच्या मर्यादेतच असतो. उष्णता सांध्यात साठते आणि एमसीबीला सांधा दिसत नाही. म्हणून ‘आमच्याकडे एमसीबी आहे, काळजी नाही’ असं जे मालक सांगतात, त्यांनी आज रात्री एकदा आपल्या खोल्यांतले सॉकेट हात लावून पाहावेत.

आणखी एक गोष्ट. मुलं म्हणतात, आम्ही इंडक्शन ६०० वरच ठेवतो. स्वस्तातली बरीच इंडक्शनं खालच्या आकड्यांवर सलग ६०० वॉट देत नाहीत. ती काही सेकंद हजार-बाराशेवर चालतात, काही सेकंद बंद राहतात, आणि सरासरी ६०० भरते. त्यामुळे आकडा कमी ठेवला म्हणजे सॉकेटवरचा ताण तेवढाच कमी झाला, असं होत नाही.

आता तुमच्या बंदीचा या सॉकेटवर काय परिणाम होतो? सॉकेट तेच राहतं. इंडक्शन मात्र टेबलावरून कॉटखाली जातं. वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकी लावली जाते, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला जातो, गादी-चादरीपासून वीतभर अंतरावर फोडणी होते. पाहणीला कोणी आलं तर गरम भांड्यासकट सगळं कपाटात ढकललं जातं. बंदीने स्वयंपाक थांबलेला नाही, लपला आहे. आणि जो स्वयंपाक लपतो त्याच्यावर ना तुमचं लक्ष राहतं ना वायरमनचं.

इंडक्शन जप्त झालं की पुढची पायरी याहून वाईट आहे. लहान सिलिंडर. तेल कंपन्यांचा ५ किलोचा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. ही सोय चांगली आहे, पण ती हवेशीर जागेसाठी आहे. आणि ज्याला तोही परवडत नाही तो बिनछापाची छोटी शेगडी घेतो, जी मोठ्या सिलिंडरमधून बेकायदा भरून मिळते, जिच्या व्हॉल्व्हची खात्री कोणीच देत नाही. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत पसरतो, आणि कॉट कमी पडल्या की जमिनीवरच गाद्या घालून झोपतात. झोपायच्या खोलीत गॅस असू नये, हे आमचंही मत आहे. आम्ही तो मागतच नाही.

केटलचंही सांगायला हवं, कारण तुमच्यापैकी जे थोडे सैल आहेत ते ‘केटल चालेल’ म्हणतात. केटल पाण्यासाठी बनवलेली असते. पाणी उकळलं की वाफ आतल्या पट्टीपर्यंत जाते आणि ती बंद होते. झाकण उघडं ठेवून मॅगी किंवा खिचडी शिजवली की वाफ तिथवर पोचत नाही, केटल बंद होत नाही, पिठूळ पाणी बुडाला धरतं आणि करपतं. झाकण लावलं तर उकळी येताच ती बंद पडते, आतलं कडधान्य अर्धं कच्चं राहतं. मटकी-मूग असेल तर पोट फुगण्यावर भागतं. राजमा असेल तर भागत नाही. राजम्यात निसर्गतःच एक विषारी द्रव्य असतं. आठ तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय तो पोटात जाऊ नये, नाहीतर दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. कूकरमध्ये हा प्रश्न राहत नाही. केटलमध्ये तोच प्रश्न रोजचा. स्वयंपाकाला बंदी आणि केटलला सूट हा सुरक्षिततेचा नियम होऊ शकत नाही.

दुसरी तक्रार सक्तीच्या मेसची. अनेक ठिकाणी भाडं ‘जेवणासह’च घ्यावं लागतं. जेवण नको असेल तर भाडं कमी होत नाही. गावी गेलं, परीक्षेला गेलं, आजारी पडलं तरी खाडे धरले जात नाहीत, किंवा सलग पाच-सहा दिवसांच्या खाली धरले जात नाहीत. बाहेरची साधी डबेवाली आदल्या रात्री निरोप दिला तर खाडा लिहून ठेवते. तिला परवडतं, तर तुम्हाला का परवडू नये?

आणि त्या जेवणात असतं काय? इथे आमच्यातल्या डबेवाल्या बायकांनी जे सांगितलं ते तसंच लिहितो. शंभर ताटांची भाजी करताना सर्वात महाग पडते ती निवडणं आणि चिरणं. मेथी, गवार, घेवडा निवडायला माणूस लागतं, बटाटा आणि कोबी पटकन होतात. म्हणून आठवड्यात चार दिवस बटाटा, कोबी, किंवा दोन्ही. कडधान्य लवकर शिजावं म्हणून चिमूटभर सोडा, आणि सोड्याने ब-१ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात जातं. आमटीत डाळ किती आहे हे पाहायचं असेल तर वाटी दहा मिनिटं न ढवळता ठेवा. पाणी वर आणि डाळीचा थर तळाशी बोटभरसुद्धा नसेल, तर ती आमटी फोडणीच्या पाण्याची आहे. पोळ्या सकाळी सातला लाटून गरम असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधतात, त्यांना घाम सुटतो, दुपारपर्यंत त्या चिकटतात आणि उन्हाळ्यात रात्रीपर्यंत आंबूस लागतात. तळणीचं तेल दुसऱ्या दिवशी भाजीच्या फोडणीत येतं. तळलेल्या तेलातली खराब द्रव्यं २५ टक्क्यांच्या वर गेली तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम २०१८ पासून लागू आहे, पण मेसच्या मोरीत ते मोजतंय कोण?

यात सगळ्याच मेसवाल्यांना दोष देता येणार नाही. ज्या दरात दोन वेळचं जेवण मागितलं जातं, त्या दरात जागेचं भाडं, व्यावसायिक सिलिंडर आणि दोन बायकांचा पगार निघाल्यावर भाजीला फार काही उरत नाही. पण म्हणूनच माणसाला एक वेळचं तरी स्वतः करून खाण्याची मोकळीक हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली. दोन हजार कॅलरीच्या दिवसासाठी त्यांचा हिशोब असा: भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. मेसच्या दोन वाट्यांत चारशे ग्रॅम भाजी कशी बसेल? एका वाटीत रस्सा धरून शंभर-सव्वाशे ग्रॅम ऐवज असतो.

अंड्यांबद्दल स्पष्ट लिहितो. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिनं असतात, ते कुठल्याही टपरीवर मिळतं, कवचात असेपर्यंत फ्रिजशिवाय काही दिवस टिकतं आणि दहा मिनिटांत उकडतं. रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला याहून सोपं आणि स्वस्त पोटभरीचं दुसरं काही मिळत नाही. तुमच्या घरात तुम्ही काय शिजवता हा तुमचा प्रश्न, आम्ही त्यात बोलणार नाही. पण भाडं घेऊन दिलेल्या जागेत उकडलेल्या अंड्यासाठी मुलांना अपराध्यासारखं वागवणं आम्हाला मान्य नाही. कोकणातून आलेली मुलगी सुकट आणते, विदर्भातला मुलगा तिखट रस्सा करतो. वास येतो, खरं आहे. त्याला उपाय खिडकी आणि बाहेर हवा फेकणारा पंखा हा आहे.

सोसायटीच्या कमिट्यांनाही दोन शब्द. भाडेकरू ठेवला म्हणून तुम्ही सदनिकाधारकाकडून बिनभोगवटा शुल्क घेता, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत घेण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पण त्यापुढे जाऊन ‘बॅचलरांनी किचन वापरायचं नाही’ असा ठराव करता, आणि ज्या सदनिकेत ओटा, सिंक, खिडकी, पाइपचा गॅस सगळं आहे, तिथलं स्वयंपाकघर कुलूप लावून बंद राहतं आणि हॉलमध्ये इंडक्शन चालतं. हे उलटं झालं आहे. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, गळला तरी वर जातो आणि खिडकीतून बाहेर पडतो. शिजवायला त्या घरातली सर्वात सुरक्षित जागा तीच, आणि नेमकी तीच बंद.

तुमच्या तक्रारी आम्ही ऐकल्या आहेत: नळी तुंबते, झुरळं होतात, कचरा जिन्यात राहतो. तिन्ही खऱ्या आहेत आणि तिन्हींना साधे उपाय आहेत. नळी भाताच्या शितांनी आणि थिजलेल्या तेलाने तुंबते. सिंकला बारीक जाळी बसवायची, ताटं धुण्याआधी खरकटं डब्यात काढायचं, कढईतलं उरलेलं तेल कागदाने पुसून मग कढई विसळायची. झुरळं रात्री ओल्या ओट्यावर आणि उघड्या कणकेवर येतात, म्हणून झोपण्याआधी ओटा कोरडा पुसायचा आणि पीठ-साखर घट्ट झाकणाच्या डब्यात. ओला कचरा रोज सकाळी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंकडे वेगळा करून द्यायचा, दुसऱ्या दिवसावर ठेवायचा नाही. हे नियम लिहून दारावर लावा, मोडले तर दंड करा. त्या दंडाला आमची हरकत नाही.

आता वीजबिलाचं, कारण शेवटी बोलणं तिथेच येतं. तिघांचं रात्रीचं जेवण कसं होतं ते एकदा सविस्तर पाहा.

पाच लिटरचा स्टीलचा कूकर घ्यायचा. साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर चालत नाही, बुडाला लोहचुंबक चिकटेल असाच हवा. कूकरच्या तळाशी दीड पेला पाणी. खालच्या डब्यात १२० ग्रॅम तूरडाळ, अर्धा तास आधी भिजवलेली, तिच्या तिप्पट पाणी, हळद, हिंग आणि तेलाचे दोन थेंब म्हणजे फेस झाकणापर्यंत चढत नाही. वरच्या डब्यात १८० ग्रॅम तांदूळ, दुप्पट पाणी. झाकण लावून १५०० वॉटवर आठेक मिनिटांत पहिली शिट्टी होते. मग ७०० वर आणखी आठ मिनिटं, आणि कूकर उतरवून बाजूला. वाफ आपोआप जिरू द्यायची, शिट्टी उचलून काढायची नाही, नाहीतर डाळ वर उसळून झडपेत अडकते आणि पुढच्या वेळी तीच झडप दगा देते. कूकर गार होतोय तोवर कढईत चार चहाचे चमचे तेल, मोहरी, कढीपत्ता, आणि साडेचारशे ग्रॅम चिरलेला दुधी किंवा गवार. झाकण ठेवून १००० वॉटवर बारा मिनिटं. उतरवताना मूठभर दाण्याचं कूट. त्याच कढईत शेवटी वरणाला लसणाची फोडणी.

इंडक्शन चाललं अर्ध्या तासाच्या आसपास. वीज लागली साधारण ०.५५ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी तिघांत साडेपाच रुपये, माणशी दोन रुपयांच्या आत. तुलनेला अंघोळीची एक बादली घ्या. १८ लिटर पाणी २० अंशांनी गरम करायला ०.४ युनिटच्या वर वीज जाते. गीझर तुम्ही जाहिरातीत लिहिता, भाड्यात धरता. तीन माणसांचं जेवण दीड बादलीहून कमी गरम पाण्याएवढं आहे. तरीही खर्च वेगळा हवा असेल तर ओट्याला स्वतंत्र सबमीटर लावा, महिन्याचा आकडा आम्ही आपसांत वाटून घेऊ.

या जेवणात माणशी चाळीस ग्रॅम डाळ, दीडशे ग्रॅम भाजी आणि साताठ ग्रॅम तेल येतं. भाकरी-पोळी रोज जमत नाही हे मान्य, ती पोळी-भाजी केंद्रातून आणता येते. अवघड भाग भाजी-डाळीचाच आहे आणि तोच इथे सुटतो.

फ्रिज नसला तर काय बिघडतं हेही सांगायला हवं. शिजलेला भात खोलीच्या उष्णतेवर रात्रभर राहिला की त्यात जिवाणू वाढतात. त्यांचे बीजाणू शिजवताना मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं विष दुसऱ्या दिवशी भात परतून किंवा गरम करूनही जात नाही. सकाळी फोडणीचा भात खाऊन दुपारी मळमळतं ते बहुधा यामुळे. शिजल्यापासून दोन तासांत संपवायचा किंवा फ्रिजमध्ये ठेवायचा, एवढाच नियम. म्हणून मजल्यावर एक साधा एकदारी फ्रिज असावा, आणि प्रत्येकाच्या डब्यावर नाव आणि तारीख. दूध, दही, भिजवलेलं कडधान्य आणि उरलेला भात, याहून जास्त त्यात काही ठेवायचं नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

दर दहा-बारा राहणाऱ्यांमागे, त्याच मजल्यावर, झोपायच्या खोल्यांबाहेर एक सामायिक ओटा. सहा फूट लांबी पुरते. एक सिंक, जाळी, नळ, उघडणारी खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा. ओट्यावर १६ अँपिअरचे दोन पॉइंट, प्रत्येकाला मुख्य पेटीतून स्वतंत्र तांब्याची तार, किमान २.५ आणि अंतर जास्त असेल तर ४ चौरस मिलिमीटरची, प्रत्येकाला स्वतंत्र १६ अँपिअरची एमसीबी, चालू असलेलं अर्थिंग, आणि सगळ्यांवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे ओल्या हाताला झटका बसला तरी तो जिवावर बेतण्याआधी वीज तुटेल. सॉकेट सिंकपासून हातभर दूर आणि ओट्याच्या वर, ओट्याखाली नको. दोन इंडक्शन एकदम चालली तर चार किलोवॉटचा भार पडेल, तुमचा मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्यावा लागेल. ओट्यासाठी जागाच नसेल तर गॅलरीचा बंद केलेला कोपरा चालेल, संडास-बाथरूमला लागून असलेला पॅसेज चालणार नाही.

हे झालं की खोलीत इंडक्शन वापरणार नाही, असं आम्ही करारात लिहून देऊ. ते कलम तेव्हा न्याय्य ठरेल.

दहा जणांना दोन इंडक्शनवर वेळ पुरेल का, ही शंका येईल. दोघा-तिघांचे गट केले तर चार गट होतात. संध्याकाळी साडेसात ते पावणेनऊ या वेळात प्रत्येक गटाला पस्तीस मिनिटं देऊन चारही गट उरकतात, आणि वर पाच मिनिटं उरतात. निवडणं-चिरणं खोलीत करून यायचं, ओट्यावर फक्त शिजवायचं. सकाळी बहुतेकांना चहा-पोहे-अंडी एवढंच लागतं, त्याला माणशी दहा मिनिटं.

जेवणाची सक्ती काढा. भाडं आणि जेवण यांचे आकडे करारात वेगळे लिहा. मेस ज्यांना हवी त्यांनी लावावी. आदल्या रात्री नऊपर्यंत सांगितलं तर एका वेळचाही खाडा धरला जावा आणि महिनाअखेर वळता व्हावा.

जिथे मेस आहे तिथे ताटातलं प्रमाण फळ्यावर लिहा. हे अशक्य नाही. २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी सुरू झाली तेव्हा शासनाने ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भात असं ग्रॅममध्ये लिहून दिलं होतं. दहा रुपयांच्या थाळीला प्रमाण ठरतं, तर महिन्याचे हजारो रुपये घेणाऱ्या मेसलाही ते ठरवता यावं.

अंड्याचं कलम काढा. ओट्यावर मांस-मासे शिजवण्याबद्दल मजल्यावर राहणाऱ्यांनी आपसांत वार ठरवावेत, भांडी वेगळी ठेवावीत. हे आम्ही बसून ठरवू शकतो.

जप्त केलेल्या वस्तू परत करा. अनामत रकमेतून दंड कापला असेल तर कशासाठी आणि किती, ते लेखी द्या.

पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांनीही हे वाचावं. वसतिगृह किंवा कॉटबेसिस चालवणाऱ्या जागेची वायरिंगची तपासणी वर्षातून एकदा व्हावी, आणि नव्या वसतिगृहाच्या आराखड्यात मजल्यागणिक ओट्याची जागा दाखवल्याशिवाय परवानगी देऊ नये. समाजकल्याण विभागाला एवढंच दाखवायचं आहे: सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेत पुण्यासारख्या शहरातल्या विद्यार्थ्याला भोजनासाठी वर्षाला ३२,००० रुपये धरले आहेत. ३६५ दिवसांनी भागलं तर दिवसाला ८८ रुपयेसुद्धा होत नाहीत. या पैशांत दोन वेळा बाहेर जेवता येत नाही. स्वतः शिजवलं तर पोटभर होतं. ज्या मुलाला शासन हे पैसे देतं, त्यालाच मालक शिजवू देत नाही, आणि पैसे देणारं खातं खोलीत ओटा आहे का हे विचारत नाही. पुढच्या अर्जात तो एक रकाना वाढवावा.

बाहेरगावच्या माणसाच्या जेवणाची सोय लावणं या शहरांना नवीन नाही. पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवत, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. १९०९ साली इथे अनाथ विद्यार्थी गृह उभं राहिलं, १९५५ साली खेड्यांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यार्थी सहाय्यक समिती. मुंबईत गिरणी कामगारांना चाळीतल्या खोलीत जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांच्याबरोबर एकत्र आल्या आणि अन्नपूर्णा महिला मंडळ झालं, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळालं, सावकार सुटला. त्या प्रत्येक वेळी कोणीतरी आपल्या घरातली किंवा संस्थेतली जागा देऊ केली होती. आम्ही तर भाडं देऊन मागतो आहोत.

खर्चाचा वाटा उचलायला आम्ही तयार आहोत. वायरिंग, पॉइंट, सिंक आणि पंखा तुमच्याकडून. इंडक्शन, कूकर, कढया, डबे, जाळी आणि झाडू-फडकं आमच्याकडून. ओटा पुसण्याची आणि कचऱ्याची पाळी आम्ही लावू, तिचा कागद दारावर राहील आणि ती चुकली तर तुम्ही थेट आमच्याशी बोलायचं. ज्या मालकांना आधी एकाच मजल्यावर करून पाहायचं आहे, त्यांनी तसं करावं. तीन महिन्यांचं सबमीटरचं रीडिंग आणि वायरमनने सॉकेट उघडून केलेली पाहणी, दोन्ही समोर ठेवून पुढचं ठरवू.

येत्या महिन्याच्या भाड्याच्या पावतीबरोबर लेखी उत्तर मिळावं, ही विनंती.

कळावे,

आपले भाडेकरू आणि डबेवाल्या,
सदाशिव, नारायण व शनिवार पेठ, कोथरूड, कर्वेनगर, वाकड